पगडीखालचा तरुण

गेल्या मार्गशीर्षात माझा पुतण्या बंगळूरहून चार दिवसांच्या रजेवर आला आणि चहा व्हायच्या आत माळ्यावर चढला. वरून त्याने आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत अल्पाकाचा बंद गळ्याचा कोट, जरीकाठी उपरणे आणि निराळ्या लाकडी खोक्यात लाल पगडी. डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरला. पुतण्याला हुबळीच्या एका मुलीला भेटायला जायचे होते आणि जाताना हा कोट घालायचा होता. पगडीचे अजून ठरत नव्हते. जुन्या धाटणीचे कपडे घालणारा मुलगा हल्ली मुलींना आवडतो, असे त्याने आम्हाला ऐकवले. जुन्या बाजारातून पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कोट, खिशातली साखळीची घड्याळे हुडकून आणून वापरणारी त्याची मित्रमंडळीच आहेत म्हणे.

आत्या पलीकडे वाती वळत बसली होती. वय पंच्याऐंशी. ती हसली आणि म्हणाली, "अरे, ही पगडी बघून आमची आई दोन दिवस जेवली नव्हती!"

ही हकिगत मी लहानपणी ऐकली होती, पण पुसट. १९३२ सालची. आजीचे माहेर धारवाडचे. वय सोळा, इंग्रजी पाच इयत्ता झालेल्या. मुलगी 'दाखवण्याचा' कार्यक्रम झाला. मुलाकडच्यांनी तिला पाहिले आणि तिने माजघराच्या दाराच्या फटीतून मुलाला पाहिले. लाल पगडी, काळा कोट, खांद्यावर उपरणे, ताठ मान. तिने मैत्रिणीला कन्नडमध्ये एवढेच सांगितले, "मुदुक!" म्हातारा! आजोबांचे वय त्या दिवशी चोवीस होते.

जो वेष पाहून १९३२ साली सोळा वर्षांची मुलगी रडली, तोच आज मुलीवर छाप पाडण्यासाठी ट्रंकेतून निघतो. मधल्या नव्वद वर्षांत काय घडले, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. आपल्याकडे पोशाखाचा इतिहास लिहिला जातो तो राजकारणाच्या अंगाने: स्वदेशी, खादी, गांधी टोपी. पगडी का गेली याचे उत्तर तिथे अर्धेच सापडते. उरलेले अर्धे माजघराच्या दारात आहे, असे मला वाटू लागले आहे.

आधी पगडीची रचना लक्षात घेऊ. फेटा रोज बांधायचा असतो. पगडी एकदाच बांधून, टाचून पक्की केलेली. ती रोज नुसती डोक्यावर ठेवायची. ती तयार करणारे पगडबंद वेगळे. पुण्याची चक्रीबंद, ग्वाल्हेरची शिंदेशाही, इंदूरची होळकरशाही, बडोद्याची गायकवाडी. आकार पाहिला की माणूस कुठला, कोणत्या दरबारच्या मिठाचा, हे वेशीवरच कळे. जात आणि हुद्दाही बहुधा कळत असे. आणि ती मुळात होती तासलेल्या डोक्यासाठी. शेंडी आणि तिच्याभोवतीचा घेरा सोडला तर बाकीचे डोके न्हाव्याने तुळतुळीत केलेले. अशा डोक्यावर पगडी घट्ट बसते आणि डोके थंड राहते. केस वाढवले की ती हलू लागते, आत घाम धरतो, आणि काढल्यावर भांगाची जी दशा होते ती चारचौघांत दाखवण्यासारखी नसते.

पगडीचा आणखी एक गुण म्हणजे ती वय खाऊन टाकते. केस दिसत नाहीत, कपाळ मोठे दिसते, मान हलवता येत नाही आणि पावले आपोआप बेताने पडतात. विशीतला आणि पन्नाशीतला माणूस दुरून सारखाच दिसतो. आज हे वैगुण्य वाटेल. तेव्हा तरुणाने पगडी घालायची ती नेमकी यासाठीच. कारण तरुणाला पसंत करायचा तो सासऱ्याने, आणि सासऱ्याला जावई पोक्तच हवा असे.

मुलीचा प्रश्नच नव्हता, कारण मुलगी आठ-दहा वर्षांची असे. न्यायमूर्ती रानड्यांचा दुसरा विवाह १८७३ साली झाला तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि रमाबाई अकराच्या. वडिलांच्या शब्दाबाहेर जाणे रानड्यांना जमले नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलीला नवऱ्याचा पोशाख रुबाबदार वाटला की भीतीदायक, हे विचारायचे कोणाच्या मनातही आले नसणार. गंमत अशी की, स्त्रियांच्या पोशाखाची चर्चा मात्र पुरुषांनी जोरात केली. स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, असे आगरकरांनी लिहिले आणि त्यावर भरपूर वादंग झाले. पुरुषांनी काय घालावे, असे स्त्रियांना कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

हा प्रश्न प्रथम उघडपणे आला तो रंगभूमीवर. बेळगावात शिकलेल्या गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगमंचावर आले. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ नवरदेव होऊ पाहतो, पैशाला लोभावलेला कांचनभट मुलगी द्यायला तयार होतो आणि शारदेच्या मैत्रिणी त्या नवरदेवाची यथेच्छ थट्टा करतात. लग्न मोडते ते मात्र मुलीच्या नकाराने मोडत नाही. वधूवर सगोत्र असल्याचे उघड झाल्यामुळे मोडते. तेवढे धाडस देवलांनाही करता आले नाही, किंवा प्रेक्षकांना झेपले नसते. शिवाय शारदा आणि तिच्या मैत्रिणी यांच्या भूमिका करणारे सगळे मुलगेच होते. तरीही नवऱ्यामुलाचे रूप मुलींच्या नजरेने पाहायचे, त्याला हसायचे, ही सोय मराठी माणसाला पहिल्यांदा इथे झाली.

आता राजकारणाची बाजू. त्यासाठी आपल्याला बेळगाव सोडून कुठे जावे लागत नाही. १९१६ च्या एप्रिलअखेर मुंबई प्रांतिक परिषद बेळगावात भरली. २८ एप्रिलला टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना याच गावात झाली. टिळक त्यांच्या नेहमीच्या लाल पगडी-उपरण्यात. या परिषदेला गांधीही होते. आफ्रिकेतून परतून त्यांना जेमतेम सव्वा वर्ष झाले होते आणि त्या दिवसांत ते काठेवाडी अंगरखा आणि फेटा वापरत. म्हणजे दोघांचीही डोकी जुन्या वळणाची. त्यानंतर आठ वर्षांनी, १९२४ च्या डिसेंबरात, टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधी अध्यक्ष, अध्यक्ष म्हणून त्यांचे हे एकमेव अधिवेशन. टिळक चार वर्षांपूर्वीच गेले होते. गांधींनी १९२१ साली मदुरेत अंगरखा-टोपी सोडून नुसता पंचा स्वीकारला होता. अधिवेशनाचा सारा व्याप उचलला तो गंगाधरराव देशपांड्यांनी. टिळकांचे कट्टर अनुयायी, पुढे गांधींचे. हुदलीच्या खादीमुळे त्यांचे नाव या जिल्ह्यात अजून घेतले जाते. पगडीच्या पिढीतून टोपीच्या पिढीत कसे जायचे, ते बेळगावकरांनी या एका माणसात पाहिले.

टोपीचे यश तत्त्वामुळे आले तसेच सोयीमुळेही आले. ती स्वस्त, घरी धुता येणारी, घडी करून खिशात मावणारी. पगडी धुता येत नाही, तिला प्रवासात वेगळे खोके लागते. टोपीवरून जात कळत नाही, हुद्दा कळत नाही, संस्थान कळत नाही. आणि तिच्याखाली भांग पाडता येतो! खादीच्या इतिहासात हे शेवटचे कारण कोणी नोंदवणार नाही. पण शेंडी जाऊन केस राखण्याची चाल आली, त्याच वर्षांत पगडी उतरली, हा निव्वळ योगायोग नव्हे. केस राखणाऱ्या तरुणाला ते कोणाला तरी दिसावेत असेही वाटत असणारच.

कोणाला? तर या सुमारास मुली मोठ्या होऊ लागल्या होत्या. मुलीचे लग्नाचे वय किमान चौदा आणि मुलाचे अठरा ठरवणारा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. आपल्याकडे त्याला सर्रास 'शारदा कायदा' म्हणतात आणि देवलांच्या नाटकावरून ते नाव पडले अशी पुष्कळांची समजूत आहे. मुळात ते विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांचे नाव. पण समजूत चुकीची असली तरी मोठी गोड आहे. कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ सालचे. किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघू लागले ते १९३० साली. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्या घराघरांत उशीखाली लपवून वाचल्या जात होत्या, आणि त्यांतला नायक टेनिस खेळणारा. पगडी घालून टेनिस खेळता येत नाही.

तेव्हा १९३२ साली माझी आजी दाराच्या फटीतून पाहत होती, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आधीच कोणीतरी उभा होता. मागच्या पिढीतली मुलगी नवऱ्याची तुलना करणार कोणाशी? वडिलांशी, काकांशी. ते सगळे पगडीतच होते. आजीने वाचले होते, धारवाडच्या रस्त्यावर बोडक्या डोक्याने सायकलवरून जाणारे कॉलेजचे विद्यार्थी पाहिले होते. तुलना करायला तिच्याजवळ काहीतरी होते. आजोबांचा बिचाऱ्यांचा दोष एवढाच की, ते सासऱ्याला आवडण्यासाठी सजून आले होते.

अर्थात लग्न झालेच. दोन दिवस न जेवल्याने १९३२ साली लग्न मोडत नसे. पाचच वर्षांनी, १९३७ साली, प्रभातचा 'कुंकू' आला. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. नाटकातल्या शारदेला जे जमले नव्हते ते हिने करून दाखवले. आणि या वेळी भूमिका करणारी खरीखुरी स्त्री होती, शांता आपटे. आजीने तो चित्रपट आजोबांबरोबरच पाहिला. परत येताना टांग्यात दोघेही गप्प होते, असे आत्या सांगते. आत्या तेव्हा जन्मलेली नव्हती, पण आपल्याकडच्या आठवणी अशाच चालतात.

मात्र आजोबांनी त्याआधीच हार मानली होती. पहिल्या दिवाळसणाला ते धारवाडला गेले ते केस राखून, भांग पाडून, टोपी हातात घेऊन. 'मुदुक' हा शब्द त्यांच्या कानावर कसा गेला ते कळले नाही. अडचण होती ती नोकरीची. ते संस्थानी कचेरीत कारकून, आणि तिथे पगडीवाचून चालत नसे. आमचे घर बेळगावात, म्हणजे ब्रिटिश मुलखात. कचेरी शहापुरात, म्हणजे सांगलीकर पटवर्धनांच्या हद्दीत. आज शहापूर बेळगावातच आहे, पण तेव्हा रस्ता ओलांडला की राज्य बदलत असे. आजोबा घरून टोपी घालून निघत, पगडीचे खोके शिपायाजवळ ठेवलेले असे, कचेरीच्या ओट्यावर चढले की टोपी खिशात आणि पगडी डोक्यावर. अशी दोन डोकी त्यांनी सोळा वर्षे सांभाळली. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पगडी ट्रंकेत गेली.

इथे मला दुसऱ्या एका माणसाची आठवण होते. तोही आजोबांसारखा १९०८ साली जन्मलेला, आणि त्याचेही सासर आपल्या सीमेवरचेच. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे. त्यांची पत्नी संयोगिताराजे कागलच्या घाटग्यांच्या. आपण कोल्हापूर-निपाणी रस्त्याने जाताना लागते तेच कागल. इंग्लंडमध्ये शिकलेले, युरोपात वावरलेले हे जोडपे. मॅन रे या विख्यात छायाचित्रकाराने टिपलेल्या त्यांच्या छबी पाहाव्यात: दोघे एकमेकांना बिलगून खळखळून हसताहेत. संस्थानिकांच्या तसबिरींत असे हसू कुठे दिसते?

पण मला सांगायचे आहे ते चित्रांविषयी. बर्नार बुते द माँव्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन मोठी चित्रे काढली. पहिले १९२९ सालचे. त्यात ते पाश्चात्त्य मेजवानीच्या काळ्या पोशाखात आहेत, खांद्यावर लांब झगा, पॅरिसच्या कुठल्याही दिवाणखान्यात शोभणारे. दुसरे त्यानंतर चार-पाच वर्षांनी काढलेले. त्यात तेच यशवंतराव शुभ्र मराठी पोशाखात गादीवर बसलेले, डोक्यावर पगडी, गळ्यात नाशपातीच्या आकाराचे ते प्रसिद्ध दोन हिरे. हे दुसरे चित्र काढले गेले त्याच सुमारास इंदुरात त्यांचा माणिकबाग राजवाडा उभा राहिला होता. जर्मन वास्तुकाराने आखलेला, आतले सामान अतिआधुनिक. म्हणजे जुन्यात अडकलेल्या माणसाचे हे चित्र नव्हे. आणि ती पगडी घालून ते म्हातारे दिसत नाहीत! उलट पहिल्या चित्रापेक्षा दुसऱ्यातच ते अधिक देखणे वाटतात, निदान मला वाटतात. २०१९ साली पॅरिसमध्ये या राजाच्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा या चित्रांच्या छपाया आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिल्या. (संयोगिताराजे १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, ऐन तारुण्यात. त्यानंतरचे यशवंतरावांचे दोन्ही विवाह अमेरिकन स्त्रियांशी झाले.)

त्याच वर्षी जन्मलेले आजोबा त्याच दशकात, तसल्याच लाल पगडीत, धारवाडच्या ओसरीवर म्हातारे दिसले. फरक हिऱ्यांचा आहे, असे कोणी म्हणेल. असेलही. पण यशवंतरावांपाशी दुसरा पोशाख होता आणि तो ते लीलया वापरत होते, हे बघणाऱ्याला माहीत होते. त्यामुळे पगडी हा त्यांचा शौक ठरला. आजोबांची पगडी ही कचेरीची होती. माजघरातल्या मुलीला एवढे बरोबर कळते.

ही गोष्ट पु. ल. देशपांड्यांना पक्की ठाऊक असावी. बेळगावच्या कॉलेजात काही काळ शिकवून गेलेला हा लेखक. त्यांचे 'तुझे आहे तुजपाशी' १९५७ सालचे, आणि ते घडते इंदुरात. काकाजी देवासकर किंवा अमुकतमुक कोणी असते तरी चालले असते. मुद्दा असा की, जुन्या संस्थानी थाटातल्या या काकाजींभोवती तरुण मुलेमुली गोळा होतात, आणि साधेपणाचा आग्रह धरणारे आचार्य मात्र त्यांना जाच वाटतात. १९२४ साली नवी असलेली खादी तीस-पस्तीस वर्षांत सक्तीची झाली होती, आणि संस्थाने बुडाल्यामुळे जुना थाट सक्तीतून सुटला होता. प्रेक्षकांची पसंती कुठे गेली ते आपण जाणतोच.

पुढची पन्नास वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती बहुतेकांच्या डोळ्यांदेखतची आहेत. बुशशर्ट आले, टेरिलीन आले, धोतर पूजेपुरते उरले. पगडी भिंतीवरच्या तसबिरींत, ऐतिहासिक नाटकांत आणि सत्कारसमारंभांत. सत्कारात घातलेली पगडी फोटो होताच काढून ठेवायची असते, हे तिच्या नशिबी आले. २००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळाले. दरम्यान लग्नांत फेटे परतले. तासाभरात पन्नास-शंभर डोक्यांना फेटे बांधून देणारे कारागीर आता प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, आणि ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांच्यासाठी टोपीसारखे घालायचे तयार फेटेही मिळतात. म्हणजे फेट्याची पुन्हा पगडी झाली! नवरीही नऊवारी आणि नथ हट्टाने मागते, आणि नवऱ्याने काय घालायचे ते बहुधा तीच ठरवते. पाडव्याच्या शोभायात्रेत तर मुली स्वतःच फेटे बांधून मोटारसायकलवर बसतात.

आपल्या भागात याला आणखी एक गंमत आहे. आपला फेटा आणि कन्नडिगांचा पेटा, आपला रुमाल आणि त्यांचाही रुमाल, आपले धोतर आणि त्यांचे धोत्र. अंगी तर दोघांचीही अंगीच. वधूपक्ष कन्नड आणि वरपक्ष मराठी असला तरी डोक्यावरच्या कापडावरून भांडण होत नाही. रंगावरून कधीकधी होते. इरकली लुगडे आणि गुळेदगुड्डचा खण नेसून-लेवून बसलेल्या दोन्हीकडच्या विहिणी एकमेकींच्या बहिणी वाटतात.

पुतण्या शेवटी कोट घालून गेला. पगडी खोक्यासकट एका पिशवीत बरोबर घेतली होती, दाखवायला म्हणून. मुलगी हुबळीची, घरी मराठी, शाळा सारी कन्नडमधून. कॅम्पातल्या एका कॉफीच्या दुकानात दोघे भेटले. रात्री तो परत आला तेव्हा आत्या जागीच होती.

"काय म्हणाली?"

"कोट आवडला. डांबरगोळ्यांचा वास आला म्हणाली, पण आवडला."

"आणि पगडी?"

पुतण्याने खोके टेबलावर ठेवले. मुलीने पगडी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि सरळ स्वतःच्या डोक्यावर ठेवली होती. मग त्याला घालायला लावली, नीट निरखून बघितले आणि हसत एकच शब्द बोलली.

तो शब्द कोणता, हे आत्याने विचारले नाही. ती वाती ठेवून उठली, पगडीवरची धूळ पदराने टिपली आणि खोक्याचे झाकण लावले. कोट मात्र पुतण्या बंगळूरला घेऊन गेला आहे.